सतरा नंबरची काच

गाडी परत आली की
तिच्याशी आधी मीच बोलते.
फिरतं घर: दोन पलंग, एक शेगडी,
आणि बारा दिवस परक्या माणसांनी
झोपून झोपून मुरवलेला वास.

डार्विनच्या विमानतळामागे आमचं आवार.
मी सेवास्ती. बाप कालिम्नोसहून आलेला,
समुद्राच्या तळाशी शिंपले हुडकायचा.
मी पाइप धरून काचा धुते.
दोघांचंही पोट पाण्यावरच.

आज सतरा नंबर आली.
विबके आणि हार्टमुट, नाकं सोललेली,
किल्ल्या टेबलावर ठेवत म्हणाले,
गाडी छान, पण प्राणी काही दिसले नाहीत.
तीन हजार किलोमीटर,
आणि एक कांगारू, तोही मेलेला.

मी मान डोलावली.
पैसे परत मागण्याच्या बेतात असलेल्या माणसाशी
वाद घालू नये.

मग बाहेर येऊन काच पाहिली.

उजव्या कोपऱ्यात पिवळा फराटा, टोळाचा.
म्हणजे कॅथरीनच्याही खाली उतरले होते,
वाळल्या गवतातून, खिडक्या बंद करून.
वायपरखाली चतुराचा अख्खा पंख, दुमडलेला;
पाणी हाकेच्या अंतरावर होतं,
यांनी पाय बुडवले नसणार.
आणि काचभर ती राखाडी भुकटी,
बोट लावलं तर बोटाला चिकटणारी:
पतंग, शेकड्यांनी.
रात्री गाडी हाकल्याची कबुली.
रात्री हाकायला बंदी आहे, करारातलं सहावं कलम.
मी दोमिंगूशला काही बोलले नाही.
आधी काच धुतली.

दोमिंगूश पुढची जाळी ब्रशाने कोरत होता.
भुंगे, मुंगळे, कुणाचा तरी एक हिरवा पाय.
तिमोरमध्ये त्याची आई अजून
दर रविवारी फोन करते.
"यांच्या घरचे वाट बघत असतील," तो म्हणाला
आणि सगळं बादलीत झटकलं.

आत गेले.
दिव्याच्या कवचात वाळवीचे पंख, ओंजळभर.
वर्षात एखादीच अशी दमट रात्र येते
की वारुळं उघडतात आणि सगळी जणू वरातीला निघतात.
ही दोघं तेव्हा पत्ते खेळत असावीत.
पंखांखाली चौकटची अठ्ठी सापडली.

सांडपाण्याच्या नळीत बेडूक,
ओल्या साबणाच्या वडीसारखा;
दार न वाजवता आत शिरलेल्या बाईकडे बघावं
तसा माझ्याकडे बघत बसला.

आणि गादीखाली कात.
बोटभर रुंद, कोपरापासून मनगटापर्यंत लांब,
बायकोच्या अंगाला.
ह्याचा मी जास्त विचार केला नाही.
गुंडाळून खिशात ठेवली.

काही दिसलं नाही म्हणे.

तेवढ्यात पाल चुकचुकली.
मनात नव्हे, खरीच.
चमच्यांच्या खणात, काट्यांवर पोट टेकून.
तिचे डोळे धुतलेल्या काचेपेक्षा स्वच्छ.
कुठल्या पेट्रोल पंपावर चढली असेल?
तिकडे तिची भिंत असेल, तिचा बल्ब असेल.
उद्या पहाटे सतरा नंबर ॲडलेडला निघतेय,
तिथली थंडी हिला सोसायची नाही.

मी टॉवेल टाकला.
ती निसटली, फ्रिजमागे गेली.
मुठीत शेपूट राहिलं.

फॉर्मवर एक रकाना असतो: राहून गेलेल्या वस्तू.
मी लिहिलं: चार्जर एक. पायमोजा, डावा.
पुढे पेन थांबलं.
तळहातावर ते शेपूट
अजून वळत होतं, इकडे, मग तिकडे,
रस्ता विचारायला कुणी नसल्यासारखं.